वीतभर बांधलेलं जहाज

मी नकाशा बोलतोय. न बांधलेल्या जहाजाचा. हसा, आधी हसून घ्या. मोडलेल्या लग्नाच्या पत्रिकेनं आपली कैफियत सांगायला बसावं, तसा हा प्रकार आहे, मला ठाऊक आहे.

शिक्षण बेताचंच. अंगावर अक्षरं शेकड्यांनी होती, पण ती वाचायला मला कुणी शिकवलं नाही. आकडे येतात, कारण साहेब लोक आकडे मोठ्यानं म्हणतात आणि शब्द मनात ठेवतात. तेव्हा मी सांगेन त्यातलं बरंचसं ऐकीव धरा. शरम मात्र ऐकीव नाही. ती माझी स्वतःची आहे.

मी कागदाचाही नाही, बरं का. चांगल्या नकाशांना इटलीतल्या आमच्या तारांतोच्या गोदीत कागद वापरत नसत. तलम सुती कापड घ्यायचं, त्याला दाट खळ लावायची, घोटून घोटून आरशासारखं करायचं, थोडी नीळ घालायची, आणि मग त्यावर काळ्या शाईनं रेघा ओढायच्या. असा मी निळसर, चकचकीत, दोन माणसं लांब. बाकीचे नकाशे माझ्याकडे बघून खणात अंग चोरून बसत. मीही त्यांना मुद्दाम धक्का देत असे.

जिचा मी नकाशा, तिला गावात सगळे थोरली म्हणत. सरकारी नाव मोठं भारदस्त होतं, पण ते म्हणेपर्यंत जहाज पुढे निघून जायचं. तोफांचं अवाढव्य जहाज. पहिल्या महायुद्धात, एकोणीसशे सोळाच्या ऑगस्टात तिच्या पोटातलं दारूगोळ्याचं कोठार आपोआप पेटलं आणि ती बंदरात, घरच्या पाण्यात, पालथी झाली. शत्रूची एक गोळी लागली नव्हती. आत दोनशेवर माणसं राहिली.

तीन वर्षं ती गाळात डोकं खुपसून पडली होती. मग हुशार मंडळींनी आत हवा भरून तिला वर काढलं, पण तेही पालथंच. तशीच बूड वर करून सुक्या गोदीत आणली. म्हाताऱ्या धक्क्यावर उभ्या राहून छातीवर क्रूस काढत होत्या. पुढे तिला सुलटं केलं, आणि बडे साहेब म्हणाले, "हिला पुन्हा बांधू. पहिल्यापेक्षा झकास." तोंडानं जहाज बांधायला काय लागतं? ते काम एजिदियोच्या टेबलावर आलं.

एजिदियो लासोर्सा हा माझा बाप. हडकुळा, एकटा, चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी. रेघ ओढताना जीभ दातांत धरायचा. अकरा महिने तो माझ्यावर वाकलेला होता. एकदा ऐन वेळी शिंकला आणि माझी मागची एक तोफ केसभर वाकडी झाली. साहेबांच्या ते कधी लक्षात आलं नाही. ती तोफ खरोखर उडाली असती, तर गोळा सरळ बिशपच्या स्वयंपाकघरात पडला असता.

त्यानं माझ्यातून थोरलीची मधली तोफ काढून टाकली, वजन कमी केलं, नवी डोलकाठी दिली. मी जहाजापेक्षा देखणा झालो. तिला गंज, मला नाही. तिच्यात गाळ, माझ्यात नाही. तिच्यात माणसं मेलेली. माझ्यात कुणीच नाही.

हेच एका शनिवारी कोमासियानं पकडलं.

कोमासिया लिपोलिस गोदीतल्या लोकांचे डगले धुणारी. दर शनिवारी धुतलेल्या डगल्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन नकाशांच्या दालनात यायची आणि आधी सगळ्यांची हजेरी घ्यायची.

"मास्तर, बाहीला एवढी शाई? नकाशा टेबलावर काढता की बाहीवर?"

"सरकारी शाई आहे ताई. जपून धुवा," एजिदियो म्हणायचा.

"सरकारी आहे म्हणून तर निघत नाही मेली."

त्या शनिवारी तिनं गठ्ठा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिचा नवरा आंजेलांतोनियो थोरलीवर कोळसा टाकणारा. तीन नंबरच्या बॉयलरपाशी. जहाज उघडलं तेव्हा हाडं पोत्यांत भरून बाहेर आली होती आणि सगळी एकाच खड्ड्यात गेली. कुणाचा गुडघा कुणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं.

"तीन नंबर कुठेय ह्यात?" तिनं विचारलं.

एजिदियोनं टाकाच्या टोकानं दाखवलं. तीन गोल, त्यांच्याभोवती चौकट.

"आणि माझा माणूस?"

"ताई, नकाशात माणसं नसतात."

"मग एवढी मोठी जागा ठेवली कुणासाठी?"

एरवी दालनात तिला टोमणा परतवणारा एजिदियो एकटाच होता. आज त्यानं चष्मा पुसला, सर्वांत बारीक टाक घेतला आणि तीन नंबरच्या चौकटीत, मुंगीनं लिहावं तसल्या अक्षरांत, नाव लिहिलं. लिहिताना पुटपुटत होता, "केवढं लांब नाव ठेवलंय सासूबाईंनी... आंजे... लांतो... नियो... लिपोलिस."

"हे काय केलंत?"

"जहाज बांधलं की ह्या जागी पितळेची पट्टी लागेल. त्याच्या नावाची."

"खरं?"

"नकाशात आहे ताई."

आता हे तुम्हांला कळायचं नाही, पण आमच्या गावात निम्मी घरं गोदीवर जगतात. 'नकाशात आहे' म्हणजे संपलं. जिना कुठे, तर नकाशात आहे तिथे. खिळा किती जाड, तर नकाशात आहे तेवढा. नवरा-बायको भांडतानासुद्धा म्हणतात, "हे काय नकाशात होतं?" लिहिता-वाचता न येणाऱ्या कोमासियानं माझ्यावरून ओलं बोट फिरवलं, शाई वाळली आहे ना बघितलं, आणि गेली. तेव्हापासून दर शनिवारी ती माझ्याकडे एक नजर टाकायची आणि एजिदियोच्या टेबलावर फडक्यात बांधलेले अंजीर ठेवायची. एजिदियोला ते अंजीर फार आवडू लागले. अंजीर का आवडले, हे त्याला विचारू नका, बिचारा लाजेल.

पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात वरून पत्र आलं. थोरली बांधायची नाही. भंगारात काढायची.

बड्या साहेबांनी ते पत्र एजिदियोला वाचून दाखवलं, मग माझी घडी केली, पत्र माझ्या घडीत सरकवलं आणि मला खणात टाकलं. "इतक्यात कुठे बोलायचं नाही," ते म्हणाले. "गोदीत दोन हजार माणसं आहेत. सणासुदीच्या आधी बोंब नको."

त्याच आठवड्यात गावात दुसरं काम निघालं होतं. थोरलीवर गेलेल्यांसाठी स्मशानात मोठा दगड उभा करायचा आणि त्यावर ज्या घरचं म्हणणं येईल त्याचं नाव कोरायचं. पाथरवट पोंपिलियो यादी घेऊन दारोदार फिरत होता. पोंपिलियो म्हणजे बैलासारखी मान आणि ढोलासारखा आवाज. तो कोमासियाच्या अंगणात गेला, ते दुसऱ्या दिवशी दालनात सगळ्यांच्या तोंडी होतं.

"कोमासिया, नाव सांग. दगडावर घालतो."

"माझ्या माणसाचं नाव जहाजावर लागणार आहे. दगडावर कशाला?"

"कुठल्या जहाजावर?"

"थोरलीवर. नकाशात आहे."

"बाई, दगड कुठे जात नाही. जहाज बुडतं. एकदा बुडलंयही!"

"म्हणून तर पुन्हा बांधतायत. तुझ्या दगडावर मेलेल्यांची नावं. माझ्या माणसाचं नाव चालत्या जहाजावर. समुद्र बघेल तो."

"वेडी आहेस."

"आणि तू हातोडीवाला आहेस. जा, ठोक."

यादी बंद व्हायला एकोणीस दिवस होते. एकोणीस. हा आकडा मला येतो.

एजिदियो रोज खण उघडायचा, माझ्याकडे बघायचा, खण बंद करायचा. साहेबांचा हुकूम होता, हे खरं. पण दाराआड एका बाईला दोन शब्द सांगितले असते, तर कुणी फासावर देत नव्हतं. खरी गोष्ट अशी, की आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे बघून डोळे मऊ केले होते. ते डोळे त्याला पुन्हा कोरडे करायचे नव्हते.

आणि मी? आता माझं ऐका. इथवर दुसऱ्यांच्या चेष्टा केल्या, त्या हे सांगणं लांबावं म्हणून.

यादी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी ती आली. एजिदियोनं मला टेबलावर पसरलं होतं, पत्र बाजूच्या घडीत तसंच. खिडकी उघडी होती. समुद्राकडून वारा आला, माझी घडी उचलली गेली आणि पत्राचा कोपरा बाहेर आला. लाल शिक्का स्पष्ट दिसत होता. तिला वाचता येत नाही, पण गोदीतला लाल शिक्का म्हणजे काय, हे मांजरालाही कळतं. अजून एक फुंकर आली असती, तर पत्र तिच्या पायाशी पडलं असतं. मी काय केलं? मी कडक झालो. खळ लावलेलं कापड मनात आणलं तर किती घट्ट मिटतं, ते त्या दिवशी मला कळलं. पत्र आवळून धरलं मी. कारण उघड आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत ती एकटीच उरली होती, जिला मी खरा वाटत होतो. ती गेली की मी नुसतं शाई सांडलेलं कापड.

ती तीन नंबरवर बोट ठेवून म्हणाली, "झोप हं शांत." आणि गेली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दगड उभा राहिला. कोमासिया फुलं घेऊन गेली नाही. तिच्या लेखी तिथे तिचं कुणी नव्हतं.

आमच्या गोदीत एक जुनी रीत आहे. सांता चेचिलिया या संतिणीच्या सणाच्या सकाळी, नोव्हेंबर सरता सरता नाताळचे दिवस लागतात तेव्हा, घराघरांत पीठ फेटून गोळे तळतात, पेत्तोले म्हणतात त्यांना. आणि गोदीतल्या धुणाऱ्या बायकांना भेट म्हणून रद्द झालेले कापडी नकाशे वाटतात. पाण्यात भिजवले की खळ सुटते, खळीबरोबर शाई जाते, आणि खाली असलं मऊ कापड निघतं की विचारू नका. गावातली निम्मी बाळं नकाशांच्या झबल्यांत वाढली आहेत. पण रीतीचं दुसरं टोक पोरासोरांनाही ठाऊक आहे. चालू नकाशा कधी धुण्याला जात नाही. धुण्याला आला, म्हणजे मेला.

गठ्ठे वाटणारा कारकून नवा होता. त्यानं घडीतलं पत्र काढून फायलीत लावलं आणि मला तिसऱ्या गठ्ठ्यात टाकलं. तिसरा गठ्ठा कोमासियाचा.

अंगणातल्या दगडी कुंडापाशी तिनं मला उलगडलं. शेजारची नुंझियाता हातात गरम पेत्तोला घेऊन बघत होती.

"अगं बाई, केवढं मोठं! पलंगपोस होईल ह्याचा."

कोमासियानं तीन गोल शोधले. मुंगीची अक्षरं शोधली. त्यावर बोट ठेवलं.

"काय झालं गं? भूत बघितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "भुताला जागा नव्हती."

नुंझियाताला काही कळलं नाही. मला कळलं: तिच्या माणसाला जहाजावर जागा कधी नव्हतीच. खणात मिटून राहायची सवय झालेला मी, पण त्या उन्हात कुठे तोंड लपवू? ती माझ्याकडे रागानंसुद्धा बघत नव्हती. लहान मूल पाय घसरून पडलं की त्याच्याकडे बघतात ना, तशी स्वतःच्याच हाताकडे बघत होती.

मग तिनं बाह्या मागे सारल्या आणि मला पाण्यात लोटलं. जहाजाचा नकाशा मी, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरलो. आधी डोलकाठी गेली. मग तोफा, ती वाकडी धरून. बिशप वाचला. मग गोल, जिने, खिळे. कुंडातलं पाणी काळं झालं. पण तीन नंबरची चौकट, चार बोटांचा तुकडा, तिनं मुठीत वर धरला होता. सगळं कापड धुऊन झालं, तरी ती मूठ कोरडी होती.

मार्चच्या सुमारास एजिदियो तिच्या अंगणात आला. अंजीर बंद होऊन चार महिने झाले होते. टोपी हातात, नजर जमिनीवर.

"ताई, यंदा मी पेर्दोनी म्हणून चालणार आहे. मला बुरखा शिवून हवाय."

पेर्दोनी म्हणजे क्षमा मागणारे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी ते निघतात. अनवाणी, पांढऱ्या झग्यात, डोक्यापासून छातीपर्यंत पांढरा बुरखा, डोळ्यांना दोन भोकं. दोघादोघांची जोडी, खांद्याला खांदा लावून, डोलत डोलत. गोगलगाय त्यांना मागे टाकून जाते. आत कोण आहे हे कुणाला कळायचं नसतं. म्हणजे अख्ख्या गावाला पायांवरून कळतंच, पण न कळल्यासारखं करायचं असतं.

"पाप काय केलंत मास्तर?" कोमासियानं विचारलं.

"सांगायचं नसतं ना ताई."

"मग कापड जाड हवं की पातळ?"

"तुम्हांला योग्य वाटेल ते."

"आहे माझ्याकडे एक," ती म्हणाली. "तुमच्याच हातचं."

तो समजला नाही. हुशार माणसांचं असंच असतं.

गुरुवारी तीन वाजता देवळाच्या दारात त्यानं मला डोक्यावरून ओढलं. डोळ्यांची भोकं जागेवर आली. आणि बरोबर ओठांसमोर, आतल्या बाजूनं, न धुतलेला कडक तुकडा लागला. त्यानं कापड दूर धरून पाहिलं. स्वतःचं अक्षर कुणाला ओळखू येत नाही? त्याचा श्वास थांबला तो मला कळला, कारण तो माझ्यातूनच जायचा होता.

मागे फिरता येत नव्हतं. जोडी लागली होती. आणि जोडीला कोण, तर बैलासारख्या मानेचा पोंपिलियो.

"पोंपिलियो," बऱ्याच वेळानं एजिदियो कुजबुजला.

"गप. बोलायचं नसतं."

"तुझ्या दगडावर एका नावाची जागा आहे?"

"ऊन लागलं का तुला? डावीकडे डोल."

"जहाज बांधायचं नाही, हे मला सप्टेंबरातच माहीत होतं. यादी बंद व्हायच्या एकोणीस दिवस आधी."

पोंपिलियोनं एक पाऊल टाकलं. पेर्दोनींचं एक पाऊल म्हणजे बराच वेळ.

"मी त्या बाईला तिच्या दारात वेडी म्हणालो."

"ऐकलं होतं मी."

"ऐकलंस, आणि गप्प बसलास?"

"हो."

"जोडी सोडता येत नाही म्हणून, एजिदियो. नाहीतर इथेच तुला सोडून गेलो असतो." आणखी एक पाऊल. "आणि माझ्या अंगठ्यावर पाय देऊ नकोस, गाढवा. आधीच खडे टोचतायत."

सगळ्या वाटेवर बायका गुडघे टेकत होत्या. त्या पांढऱ्या बुरख्याला पवित्र समजत होत्या. माझ्यापुढे! पत्र आवळून धरणाऱ्या कापडापुढे! मला शाई पुन्हा अंगावर यावी असं वाटलं, निदान खरा चेहरा तरी दिसला असता.

संध्याकाळ व्हायच्या आधी पोंपिलियो स्वतःच म्हणाला, "खाली एक वीत आहे. जमिनीला लागून. गवत वाढलं की दिसायचं नाही."

"गवत मी काढीन."

"नाव लांब आहे त्याचं. अक्षरं बारीक करावी लागतील."

"मी आखून देतो."

"आणि तिला कोण सांगणार?"

"मी."

ईस्टर झाल्यावर तो गेला. पाय अजून सुजलेले. कुंडापाशी उभा राहून त्यानं सगळं सांगितलं: पत्र, खण, एकोणीस दिवस, अंजीर. अंजीरसुद्धा.

कोमासिया कपडे पिळत राहिली. "मला सांता चेचिलियालाच कळलं होतं, मास्तर."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. पाच महिने. तुमचे एकोणीस दिवसच होते." तिनं कपडा झटकला. "तुम्हांला माफ केलं असं म्हणणार नाही मी. पण बुरखा धुवायला आणून द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका, नाव घालवतील."

नाव कोरून झालं, तेव्हा ती मला घेऊन स्मशानात गेली. पोंपिलियो हातोडी पाठीमागे लपवून उभा होता, एजिदियो त्याच्याही पाठीमागे. ओळ इतकी खाली होती, की तिला गुडघे टेकून कोपरांवर वाकावं लागलं. वाचता येत नव्हतं. मग तिनं माझा तो कडक तुकडा दगडाशी धरला आणि एकेक अक्षर जुळवायला सुरुवात केली. बोट कापडावर, बोट दगडावर. इकडची रेघ, तिकडची रेघ. मधेच एका अक्षराशी थांबली, परत मागे गेली, पुन्हा मोजलं.

"अगं, बरोबर आहे," पोंपिलियो म्हणाला.

"तुला कोण विचारतंय?"

शेवटच्या अक्षरावर बोट टेकलं, तेव्हा ती उठली आणि गुडघे झटकले.

"नकाशाप्रमाणे आहे," ती म्हणाली. मग एजिदियोकडे वळली. "केवढं जहाज होतं तुमचं, मास्तर! बांधलंत किती? वीतभर."

त्यानंतर एजिदियो सत्तावीस वर्षं पेर्दोनी म्हणून चालला. दर वर्षी कोमासियानं मला धुऊन, चार बोटं कोरडी ठेवून, त्याच्या हातात दिलं. त्यानं दुसरा बुरखा कधी मागितला नाही. आता दोघंही त्याच दगडाच्या मागे, वेगवेगळ्या रांगांत आहेत. थोरलीचं लोखंड कुठे गेलं, कोण जाणे.

मी आहे नुंझियाताच्या सुनेच्या पेटीत, कपूराच्या वड्यांबरोबर. पिवळा पडलोय. शाई फिकी होत चालली आहे, पण नाव अजून लागतं. पवित्र वस्तू म्हणून परवा तिनं मला पाहुण्यांना दाखवलं आणि एक म्हातारी माझं चुंबन घेऊन गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी, असं करू नका. मी पवित्र नाही. मी वाऱ्याला हरवलं होतं एकदा, त्याचीच मला लाज आहे.

एवढंच करा. ईस्टरच्या आधी पेटी उघडाल आणि मला धुवायला काढाल, तेव्हा ओठांजवळचा तुकडा मुठीत धरा. आणि स्मशानात जाणार असाल, तर वाकून खालचं गवत तेवढं काढा. एजिदियोनं कबूल केलं होतं.